चाकं हवेत, साहेब गाडीत

पॉवर स्टिअरिंगमधली हवा काढायला ज्यांना मेकॅनिक लागतो, त्यांची मला कीव येते! मी दर्यापूरच्या एका सरकारी कार्यालयात कारकून. गाडी बायकोच्या नावावर, आणि भाड्याने लावलेली माझ्याच कार्यालयात. म्हणजे गाडीतलं मला सगळंच कळतं!

त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात एकच पीक जोमात यायचं, पाहणी पथकांचं. त्या दिवशीही पावसाने सडलेलं सोयाबीन बघायला मोठे साहेब येणार होते. असलं सोयाबीन असलेली पार्बताबाई सकाळपासून आपल्या वावरात, म्हणजे शेतात, त्यांची वाट बघत बसलेली. पाहणी होईपर्यंत सडकं पीक उपटायचं नाही, हा आमचाच हुकूम. इकडे तिची हरभऱ्याची पेरणी टळून चाललेली!

नेमकी तेव्हाच गाडी वळताना म्हशीसारखी रेकायला लागली. गुलफाम मिस्त्रीने कार्यालयाच्या आवारात येऊन स्टिअरिंगच्या तेलाचा फुटका पाइप बदलला.

"शेखरभाऊ, तेलात हवा शिरली. पुढची चाकं उचलून स्टेरिंग दोनी बाजूनं पुरं फिरवा लागते. घंटाभर तं जाईनच."

"तू निस्तं तेल ओत. बाकी मी पायतो!"

पुढची चाकं अधांतरी, इंजिन चालू, एसी चालू, मी स्टिअरिंगवर. एवढ्यात साहेब टपकले! अमरावतीच्या विश्रामगृहात जेवण अंमळ जास्तच झालेलं. थंडगार गाडी दिसताच मागे बसले, पडदे ओढले आणि म्हणाले, "चला!"

साहेबांना "उतरा" म्हणायचं? आमच्या कार्यालयात आजवर कुणी म्हटलेलं नाही! मी निमूटपणे स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. मग उजवीकडे.

"वळणं फार आहेत," साहेब डोळे मिटून म्हणाले.

"हो साहेब!"

"चढही आहे."

गाडीचं नाक वर होतं ना! "घाट आहे, साहेब!" दर्यापुरात घाट! पण तोवर साहेब घोरायला लागले होते.

"बुडबुडे येऊनच राहिले, भाऊ! फिरवा!" बोनेटमागून गुलफाम ओरडला. माझे खांदे भरून आले.

शेवटी वाट बघून कंटाळलेली पार्बताबाईच काळीपिवळी जीपने कार्यालयात आली. काखेत सडक्या सोयाबीनचा भारा. तिने काच ठोठावली. साहेब दचकून जागे झाले, पडदा सारून काच खाली केली.

"आलं का शेत?"

मी तोंड उघडेपर्यंत तिने भारा खिडकीत धरला. "पाहा साहेब, साऱ्या शेंगाइले कोंब फुटले!"

"अरेरे! फारच नुकसान!" साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "झाली पाहणी. बाई, आता खुशाल पेरा. चला, गाडी परत घ्या!"

पार्बताबाईने आधी चाकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तोंडाला पदर लावला. मी परत निघालो! म्हणजे पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. हवा मात्र साफ निघाली.

मी ब्रेक दाबून इंजिन बंद केलं. साहेब आळस देत तिथेच उतरले. "इथला रस्ता उत्तम! जाता-येता एक खड्डा लागला नाही. दुरुस्तीचा प्रस्ताव रद्द करा!"

मी जोरजोरात मान डोलावली. काय करणार? पोट आहे!

हरभरा निघाला तेव्हा पार्बताबाईच्या शेताकडच्या त्याच रस्त्याने येत होतो. असा खड्डा लागला की नवा पाइप फुटून सगळं तेल रस्त्यावर! मागून हरभऱ्याची पोती घेऊन तिची बैलबंडी हिंदकळत आली आणि थांबली.

"कावून शेखरभाऊ," ती म्हणाली, "त्या दिवशी तं लय चांगला होता ना हा रस्ता?"