तारा फुटल्यावर बोलू

संघपालची मान आखडली ती आभाळाकडं बघून बघून. हुबळीच्या केशवापुरातल्या डॉक्टरांनी मानेला पट्टा बांधला आणि विचारलं, "काम काय करता?"

"बसस्टँडवर कंट्रोलर होतो. आता रिटायर."

"मग सारखं वर काय बघता?"

संघपालनं खाली मान घालायचा प्रयत्न केला. पट्ट्यामुळं ते जमलं नाही, तेव्हा छताकडं बघतच तो म्हणाला, "पोरीचं लग्न."

डॉक्टरांनी मानेच्या गोळ्यांबरोबर झोपेचीही एक गोळी लिहून दिली. बिचाऱ्यांचा तरी काय दोष? एवढ्यावरून कुणाला काय कळणार?

तर त्याचं असं झालं होतं. संघपालची एकुलती एक मुलगी आरुषी धारवाडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिथंच सप्तापुरात खोली घेऊन राहते आणि रविवारी हुबळीला घरी येते. संघपालचा जुना दोस्त धम्मानंद बेळगावचा. त्याचा मुलगा प्रसाद इंजिनिअर, स्वभावानं गरीब, चारचौघांत न बोलणारा. दोन्ही बापांनी एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून हे स्थळ पक्कं करून टाकलं. पोरांना विचारायचं तेवढं राहिलं होतं. आरुषी 'नाही' म्हणाली असती तर बापाला निदान भांडता आलं असतं. ती नाही म्हणालीच नाही.

"अप्पा, उत्तर मुकुट नावाचा तारकांचा एक पुंजका आहे," ती म्हणाली. "त्यात एक तारा आहे. एरवी डोळ्यांना दिसत नाही. पण ऐंशीएक वर्षांनी एकदा फुटतो, आणि मग चार दिवस ध्रुवाएवढा झळकतो. आता त्याची वेळ झालीय. कुठल्याही दिवशी फुटेल. तो फुटला की लग्नाचं बोलू."

"फुटून मरतो काय?"

"नाही. परत फुटायला शिल्लक राहतो."

"म्हणजे आमच्या डेपो मॅनेजरसारखा म्हण की," संघपाल म्हणाला आणि त्यानं अट मान्य करून टाकली. एकदा फुटून परत आपल्या जागी बसणाऱ्या माणसाबरोबर त्यानं सगळी नोकरी काढली होती. आणि 'कुठल्याही दिवशी' म्हणजे फार तर पुढचा महिना, असा त्याचा हिशेब. खरं तर त्याला कळायला हवं होतं. 'गाडी कुठल्याही क्षणी येईल' असं माइकवरून त्यानं स्वतः किती लोकांना सांगितलं होतं, आणि त्यातले कितीजण बाकावर पथारी पसरून झोपले होते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

तारा फुटेना. शास्त्रज्ञांनी आधी सप्टेंबर सांगितला, मग कुणी मार्च म्हणालं, मग नोव्हेंबर. आता जूनवर आले होते. प्रत्येक तारखेला संघपाल संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसायचा, आणि तारीख टळली की जेवायला खाली यायचा. "यापेक्षा आमच्या गाड्या बऱ्या होत्या," तो बायकोला, नूतनला, सांगायचा. "निदान पंक्चर झाली, एवढं तरी कळायचं."

नूतन ताट वाढायची आणि काही बोलायची नाही. ती एवढी गप्प का, हे संघपालनं एकदाही विचारलं नाही. घरात शांतता आहे याचंच त्याला बरं वाटायचं.

ताऱ्याची गोष्ट गल्लीभर व्हायला वेळ लागला नाही. शेजारच्या पार्वतक्का कपडे वाळत घालता घालता रोज वरून हाक मारायच्या, "संघपालण्णा, ओडीतेन्री?" म्हणजे, फुटला काय हो? संघपाल म्हणायचा, "इन्नू इल्ल री." अजून नाही. त्या हळहळून आत जायच्या. इतक्या आपुलकीनं त्यांनी कधी कुणाच्या गॅस सिलिंडरचीही चौकशी केली नव्हती.

गच्चीवर संघपालला सोबत असायची ती गणेश मास्तरची. हा आरुषीच्या कॉलेजातला, तिच्याच खात्यातला. अळणावरकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, अंगानं दणकट आणि बोलायला मऊ. मोटरसायकलवर दुर्बीण बांधून धारवाडहून यायचा, गच्चीवर ती उभी करायचा, वर संघपालची खुर्चीही उचलून आणायचा. नूतन त्याला न विचारता दुसरी भाकरी वाढायची. संघपालला तो फार आवडायचा, कारण तो ऐकून घ्यायचा. पोरगी कशी हट्टी आहे, धम्मानंदला काय तोंड दाखवू, शब्द दिलाय हो मी, हे सगळं संघपाल त्याला सांगायचा, आणि गणेश दुर्बिणीला डोळा लावून "हो काका, हो काका" करत राहायचा.

मे महिन्यात धम्मानंदचा फोन आला. "संघपाला, आता पुरे झालं. या महिन्यात तुझा तारा फुटला तर फुटला. नाहीतर निपाणीची एक पोरगी सांगून आल्या, तिकडं बघतो. लोक हसायला लागलेत मला. कशासाठी थांबलाय विचारतात, आणि मी आभाळाकडं बोट दाखवतो."

संघपाल हादरला. आयुष्यात त्यानं दिलेला शब्द कधी मोडला नव्हता. त्या संध्याकाळी त्यानं गणेशला गच्चीवर धरलं. "मास्तर, हे लवकर व्हायला काही करता येत नाही काय? कुठं अर्ज, विनंती?"

"काका, आपल्या हातात काय नाही त्यात," गणेश म्हणाला. "बघा, बेळगावहून बस सुटली. तुम्ही हुबळीच्या स्टँडवर बसलाय. तुम्हाला बस कधी दिसली?"

"स्टँडात शिरली तेव्हा."

"आणि सुटली कधी?"

"दोन तास आधी. ट्रॅफिक असलं तर अडीच."

"उजेडाचं तसंच आहे. तो तारा इतका लांब आहे, की तिथनं निघालेला उजेड इथं यायला तीन हजार वर्षं लागतात."

"मधे कित्तूरला चहाला थांबतो काय?"

"कुठंच थांबत नाही. त्याच्याएवढं जोरात दुसरं काय धावत पण नाही."

"आणि तरी तीन हजार वर्षं?" संघपालनं ताऱ्याकडं, म्हणजे तारा जिथं दिसत नव्हता तिकडं, आदरानं बघितलं. मग त्याच्या डोक्यात काहीतरी हललं. "थांबा मास्तर. म्हणजे आता जो फुटणार, फुटणार म्हणतात..."

"तो तिथं केव्हाच फुटलाय. उजेड वाटेत आहे. नुसता एवढाच नाही, त्याच्यानंतर पण पस्तीसेक वेळा फुटला असेल. ते सगळे उजेड एकामागनं एक यायलेत."

गणेशनं हे शिकवायच्या भरात सांगितलं. चांगल्या मास्तराची हीच अडचण असते, समोरचा कशासाठी शिकतोय हे तो बघत नाही. बसच्या कंट्रोलरच्या लेखी गाडी सुटली की सुटली. सुटली ही नोंद झाली, तिचं काम झालं. ती पोचते कधी, ही पुढच्या स्टँडची कटकट. संघपालनं खिशातून मोबाइल काढला.

"कुणाला फोन करायलाय, काका?"

"बेळगावला. गाडी सुटली म्हणून सांगतो."

गणेशचा चेहरा उतरला. संघपालला वाटलं, आपल्या हुशारीचा धक्का बसला असेल.

"धम्मानंदा, फुटला," तो फोनवर म्हणाला. "तारा. आणखी काय फुटणार? रविवारी संध्याकाळी मंडळी घेऊन ये."

"पेपरात कुठं आलं नाही," पलीकडून आवाज आला.

"पेपरात उशिरा येतं. मी आतल्या गोटातलं सांगायलोय."

हे आतल्या गोटातलं पलीकडच्या गच्चीवर पार्वतक्कांनी ऐकलं. सकाळी दूधवाल्याला कळलं, दुपारी रिक्षास्टँडला आणि संध्याकाळी वॉर्डाच्या पुढाऱ्याला. शनिवारी चौकात कापडी फलक लागला. नक्षत्रस्फोटानिमित्त समस्त नागरिकांना हार्दिक शुभेच्छा. त्यावर पुढाऱ्याचा मोठा फोटो होता, त्याच्या भावाचा होता, कार्यकर्त्यांचे लहान लहान बरेच होते. तारा तेवढा नव्हता. जागा उरली नसावी. जणू वर्गणी काढून हा तारा पुढाऱ्यानंच फोडला होता.

रविवारी संध्याकाळी धम्मानंद बायकोला आणि प्रसादला घेऊन आला. हातात बेळगावच्या कुंद्याचा, तिकडच्या खव्याच्या मिठाईचा, डबा. चौकातला फलक बघून त्याची खात्रीच पटली होती. त्याच वेळी सगळी गल्ली संघपालच्या गच्चीवर चढत होती. कुणी स्वाती नक्षत्र दाखवून "हाच, हाच" म्हणत होतं, आणि एकानं तर बेंगळुरूहून उतरायला आलेल्या विमानाचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. विमान विझून गेल्यावर लोकांना वाईट वाटलं.

एवढ्यात खाली, पाहुणे बसले होते त्या खोलीत आरुषी धावत आली, मागोमाग दुर्बीण घेऊन गणेश. तिचा चेहरा इतका फुलला होता की संघपालला क्षणभर लाज वाटली. पोरीनं खरंच त्या ताऱ्याची वाट बघितली होती.

"कुठाय, अप्पा? कुणी कळवलं? आम्हाला तर कुठंच..."

"बस," संघपाल म्हणाला. पाहुण्यांच्या समोर त्यानं घसा साफ केला. "तो तारा तीन हजार वर्षांमागंच फुटलाय. लांब आहे म्हणून उजेड तेवढा वाटेत आहे. खरं की खोटं?"

आरुषीनं वळून गणेशकडं बघितलं. गणेशनं फरशीकडं बघितलं.

"हिशेबानं खरं आहे," ती सावकाश म्हणाली, "पण अजून दिसला नाही."

"अट काय होती? फुटला की बोलू. दिसला की बोलू, असं तू म्हणाली नव्हतीस. घडलं ते घडलं. कळायला उशीर लागला म्हणून घडलेलं काही न घडलेलं होत नाही. धम्मानंदा, चुकतंय का माझं?"

"बरोबर आहे की," धम्मानंद म्हणाला. इतकी वर्षं बँकेत काढल्यामुळं त्याला अटींबद्दल आदर होता.

आरुषीनं आईकडं बघितलं. नूतननं डोळ्यांनीच हो म्हटलं.

"बरं अप्पा. फुटलाय, मान्य. मग लग्नाचं बोलते."

"बोल."

"माझं लग्न झालंय."

वर गच्चीवर कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. तिथं दुसरं विमान आलं होतं.

"कधी?" संघपालनं विचारलं.

"जानेवारीत. धारवाडला, रजिस्टर."

"कोण?"

गणेशनं दुर्बीण हळूच भिंतीला टेकवली, कारण पाया पडायला दोन्ही हात मोकळे लागतात.

संघपालला राग आला, पण रागाच्या आधी फार वाईट वाटलं. ह्याच पोरापुढं त्यानं रोज पोरीचं गाऱ्हाणं सांगितलं होतं. तो नूतनकडं वळला, मान वळत नव्हती म्हणून सगळाच वळला. "तुला ठाऊक होतं?"

"जानेवारीपासनं."

"आणि मला आता? मे महिन्यात?"

"मी जवळ होते," नूतन म्हणाली. "तुम्ही लांब होता. जो लांब, त्याला उजेड उशिरा पोचतो. आत्ताच पाहुण्यांना तुम्हीच सांगितलं की."

आरुषी त्याच्यासमोर येऊन बसली. "अप्पा, तारा फुटला की तुम्हाला सगळं सांगायचं, असंच ठरवलं होतं मी. आठवड्यात फुटेल वाटलं होतं. तो काही फुटेना, आम्ही तरी किती थांबणार? लग्न झाल्यावर दर रविवारी सांगायचं म्हणून यायचे मी. तुम्ही वर बघत बसलेले असायचा."

ते खरं होतं. लहानपणीही ती शाळेतलं काहीतरी सांगायला स्टँडवर यायची, आणि तो हातानं थांबवून म्हणायचा, आत्ता नको बाळा, गाडीची वेळ झाली. त्या सगळ्या गोष्टींचं पुढं काय झालं, त्याला माहीत नव्हतं.

धम्मानंद उठून उभा राहिला. "संघपाला, तू शब्द दिला होतास."

"दिला होता," संघपाल म्हणाला. "चुकलं माझं. जो शब्द माझा नव्हताच, तो दिला मी."

त्यावर धम्मानंद काही बोलणार, इतक्यात आजवर चारचौघांत तोंड न उघडलेला प्रसाद मोकळा श्वास सोडून म्हणाला, "बाबा, मला पण तुम्हाला थोडं सांगायचं होतं."

धम्मानंदनं मुलाकडं बघितलं, मग बायकोकडं बघितलं. बायको घाईघाईनं कुंद्याच्या डब्याची दोरी सोडायला लागली.

"तू गप्प बस," तो म्हणाला. "तुझा उजेड घरी गेल्यावर." आणि तो पुन्हा खुर्चीत बसला.

संघपालनं मानेचा पट्टा सोडला. पायाशी वाकलेली दोघं त्याशिवाय दिसत नव्हती. किती दिवसांनी त्यानं खाली बघितलं. गणेशच्या डोक्यावर हात ठेवताना त्याला एक आठवलं. "तुमच्या घरी माहीत आहे?"

"अळणावर लांब आहे, काका," गणेश पुटपुटला. "अजून पोचायलंय."

"मग उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं मी येतो तुमच्याबरोबर," कंट्रोलर म्हणाला. "अशा गोष्टी उजेडावर सोडून चालत नाही."

तेवढ्यात जिन्यावर पार्वतक्का दिसल्या. विमानं बघून त्यांचा जीव विटला होता. त्यांनी दारातूनच नेहमीची हाक दिली, "संघपालण्णा, खरं सांगा. ओडीतेन्री?"

संघपालनं पोरीकडं बघितलं, जावयाकडं बघितलं.

"ओडीतु, अक्का," तो म्हणाला. "भाळ दिन आतु. बेळकु ईग बंतु."

फुटला, अक्का. फुटून बरेच दिवस झाले. उजेड आत्ता पोचला.