प्रमाण रक्त

बुटांच्या त्या कारखान्यात दर वर्षी कामगारांचं रक्त तपासलं जाई आणि दर वर्षी सगळे निरोगी निघत. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. निरोगी निघण्यात वावगं वाटण्यासारखं असतंच काय?

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी बाहेरच्या प्रयोगशाळेची पट्टी वापरत आणि त्या पट्टीनं मोजलं की चिकटवणी विभागातली झाडून सगळी माणसं रक्ताला कमी भरत. व्यवस्थापनानं यावर गंभीरपणे विचार केला. एखादा माणूस चुकू शकतो, फार तर दोन चुकतील. पण अख्खा विभाग एकदम कसा चुकेल? म्हणजे चूक पट्टीचीच असणार. शिवाय ती पट्टी बाहेरच्या माणसांवरून केलेली. बाहेरची माणसं दिवसभर सोल्यूशनच्या वासात बसून बुटाला सोल चिकटवत नाहीत. त्यांच्या रक्ताशी आपल्या रक्ताची तुलना करायची म्हणजे शेजाऱ्याच्या अंगरख्याचं माप देऊन स्वतःचा शिवून घ्यायचा. तेव्हा असं ठरलं, की विभागातलाच एक आदर्श कामगार निवडावा, त्याचं रक्त 'प्रमाण रक्त' मानावं आणि बाकीच्यांचं त्याच्याशी ताडून पाहावं.

निवड उस्तादांची झाली. त्यांना सगळे उस्तादच म्हणत. त्यांनी लावलेला सोल बुटाची वरची बाजू फाटली तरी सुटत नसे. कामावर एकही खाडा नाही, तोंडात तक्रार नाही. विभागाच्या दाराशी उस्तादांचा फोटो लागला आणि खाली पाटी आली: 'याच्यासारखे व्हा.' उस्तादांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, मेहुण्याला सांगितलं, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यालाही थांबवून सांगितलं. मेहुणा तेव्हा शाळेत होता. तो नुसता बघत राहिला.

आता हे खरं, की फोटोत उस्तादांचे गाल जरा भरलेले दिसतात. पुढं ते भरलेपण राहिलं नाही. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायची सवय लागली. दंडावर, मांडीवर निळे डाग उठू लागले. दात घासताना हिरड्यांतून रक्त येई.

"अहो, हे काय?" बायकोनं बेसिनकडे बोट दाखवून विचारलं.

"काही नाही, ब्रश लागला."

"आणि दंडाला काय लागलं? तोही ब्रशच का?"

"कामाचा माणूस आहे मी. लागतं कुठंतरी." उस्ताद चिडले. "दर वर्षी रक्त तपासतात आमचं. सगळ्या विभागात माझ्याइतकं बरोबर रक्त कुणाचं नाही. हवं तर जाऊन फोटो बघ!"

आणि ते खोटं नव्हतं. त्यांचं रक्त दर वर्षी त्यांच्याच रक्ताशी तंतोतंत जुळत होतं. ते जसजसं उतरत गेलं, तसतसं प्रमाणही उतरत गेलं, आणि प्रमाणाबरोबर सगळा विभाग हसतखेळत खाली आला. कुणी मागं राहिलं नाही.

याच सुमाराला उस्तादांनी शब्द टाकून मेहुण्याला विभागात चिकटवलं. पोरगा धिप्पाड, गाल असे लाल की पहिल्याच दिवशी त्याचं नाव टोमॅटो पडलं. रुजू होतानाची रक्ततपासणी झाली आणि कारखान्याच्या डॉक्टरांनी उस्तादांना बोलावून घेतलं.

"तुमचा मेहुणा ना हा?" डॉक्टरांचा चेहरा पडला होता. "मन घट्ट करा. त्याचं रक्त प्रमाणाच्या जवळजवळ दुप्पट आहे."

"मग चांगलंच की!"

"चांगलं? पगार दुप्पट झाला तर चांगलं, उस्ताद. रक्त दुप्पट झालं तर त्याला विकार म्हणतात. पण घाबरू नका, वेळेवर कळलंय. आपण त्याचं समायोजन करू."

समायोजन म्हणजे एक खुर्ची होती. ती सोल्यूशनच्या मोठ्या पिंपाला टेकून ठेवलेली असे आणि पिंपाचं झाकण उघडं. खिडक्या तर विभागात कायमच बंद, कारण वारा लागला की सोल्यूशनवर साय धरते. प्रमाणापेक्षा जास्त रक्त असलेल्या कामगारानं त्या खुर्चीवर बसून काम करायचं, रक्त प्रमाणात येईपर्यंत. डोकं दुखलं तर दाराशी पांढऱ्या गोळ्यांची बरणी होती. गोळ्या फुकट. कामगारांची किती काळजी घ्यावी याला काही मर्यादा!

टोमॅटो आज्ञाधारकपणे खुर्चीवर बसला. थोड्याच दिवसांत गाल उतरले. साथीदारांनी पाठ थोपटली, "सुधारतोयस हां!"

पण उस्तादांच्या बायकोच्या ते लक्षात आल्यावाचून राहिलं नाही. जेवायला बोलावलेला भाऊ हात धुऊन उठला तो दाराची चौकट धरून उभा राहिला. तो गेल्यावर ती उस्तादांवर तुटून पडली.

"एकुलता एक भाऊ आहे माझा. तुमच्या भरवशावर पाठवला त्याला. त्याचा रंग बघितलात?"

"अगं, प्रमाणात येतोय तो."

"कुणाच्या प्रमाणात?"

"माझ्याच की!"

बायकोनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. खोल गेलेले डोळे, पांढरे ओठ, दंडावरचे डाग. मग ती खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. "म्हणजे त्याचंही असंच होणार," एवढंच ती म्हणत राहिली. उस्तादांना त्या रात्री पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती स्वतःसाठी नव्हती.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता ते गल्लीच्या टोकाच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या बाईंनी सुई टोचून रक्त घेतलं, वर कापूस दाबला, आणि कापूस भिजतच राहिला. रक्त थांबेना. ज्या माणसानं लावलेला सोल जन्मात सुटत नाही, त्याच्या रक्तातच चिकटपणा उरला नव्हता. बाईंनी आतून म्हाताऱ्या डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी अहवाल पाहण्याआधी उस्तादांच्या सदऱ्याचा वास घेतला.

"सोल्यूशनचं काम का?"

"हो. तुम्ही कसं ओळखलं?"

"असे बरेच येतात. बहुतेक उशिरा येतात." डॉक्टर अहवाल घेऊन समोर बसले. "हे बघा, रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. त्या वासातलं विष तिथंच जाऊन बसतं आणि कारभार बंद पाडतं. तांबड्या पेशी कमी, म्हणून तुम्हाला धाप. प्लेटलेट कमी, म्हणून हे डाग. पांढऱ्या पेशीही कमी आहेत. उद्या साधा ताप आला तरी..." त्यांनी अहवाल बाजूला ठेवला. "डोकं दुखतं तेव्हा काय घेता?"

उस्तादांनी खिशातून पांढरी गोळी काढली.

"अरे देवा! ही गोळी काही जणांच्या पांढऱ्या पेशींवरच उठते. कुणी दिली?"

"फुकट असते," उस्ताद ओशाळून म्हणाले.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. रक्त चढवावं लागेल, आणि ते काम सोडावं लागेल. "आणि तुमचा मेहुणा म्हणताय, त्याला आजच तिथून उठवा. त्याचं अजून भरून येईल. मगज तरुण आहे."

उस्ताद तडक व्यवस्थापकसाहेबांकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदाच तक्रार करायची म्हणून त्यांनी आधी टोपी काढली.

"साहेब, मी आजारी आहे. माझं रक्त प्रमाण धरू नका. आणि त्या पोराला खुर्चीवरून उठवा."

साहेबांनी कारखान्याच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी कागद चाळले. "साहेब, उस्तादांचं रक्त उस्तादांच्या रक्ताशी शंभर टक्के जुळतंय. एवढा निरोगी माणूस विभागात दुसरा नाही."

"ऐकलंत?" साहेब मायेनं म्हणाले. "मीटरची पट्टी आखूड आहे, असं पट्टीनंच म्हणायचं नसतं."

"मग निदान ते सोल्यूशन तरी बदला."

साहेबांनी सुस्कारा टाकला. "बदललं होतं, उस्ताद. बिनवासाचं आणलं होतं. पण झालं काय? गिऱ्हाईक डबा उघडतं, बूट बाहेर काढतं, आणि पायात घालायच्या आधी काय करतं? वास घेतं! त्याला वासच आला नाही. जुना माल गळ्यात मारला म्हणून दुकानदारांनी सगळे बूट परत पाठवले. आपण नवेपणा विकतो. बूट त्याच्यासोबत जातात, एवढंच."

उस्तादांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. पण घरी परतताना त्यांच्या डोक्यात एक विचार आला आणि त्या विचारानं त्यांना मधल्या पायरीवर थांबायचंही भान राहिलं नाही. प्रमाण आपण आहोत ना? मग आपलंच रक्त वर नेलं तर? वार्षिक तपासणी तोंडावर आली होती. आपण रक्त चढवून जायचं. प्रमाण एकदम वर जाईल, अख्खा विभाग कमी भरेल, आणि मग तरी यांचे डोळे उघडतील. टोमॅटो खुर्चीवरून उठेल, कारण त्याचंही रक्त कमीच निघेल. जे तोंडानं सांगून पटत नाही, ते आकड्यांनी पटेल.

रक्त कोण देणार, हा प्रश्न होता. टोमॅटो पुढं झाला. "माझं घ्या, भाऊजी. माझ्यात अतिरेक आहे, तसं लेखी आहे माझ्याकडे."

म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासलं. "चालेल. अजून चालेल. पण तिकडे परत गेलास तर पुढच्या वेळी मी तुझं घेणार नाही, तुलाच द्यावं लागेल."

"ताई म्हणते तसंच करीन," तो म्हणाला. बाकीचं रक्त पेढीतून मिळालं. मेहुण्याचं लालभडक रक्त थेंब थेंब उस्तादांच्या अंगात उतरलं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या ओठांना रंग आला. बायको उशाशी बसून एकदा नवऱ्याकडे, एकदा भावाकडे बघत होती.

पण टोमॅटोला नोकरी अशी एकाएकी सोडवेना. "तपासणीपर्यंत थांबतो," म्हणत तो रोज खुर्चीवर बसत राहिला. उस्तादांनाही वाटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

तपासणी झाली. उस्तादांचा अंदाज अगदी बरोबर निघाला. प्रमाण वर गेलं आणि सगळा विभाग धाडकन आजारी ठरला. कारखान्यात एकच धावपळ उडाली. 'रक्त समानीकरण समिती'ची तातडीची बैठक भरली. बाहेर बाकावर बसलेल्या उस्तादांचं काळीज धडधडत होतं. ताज्या रक्तानं धडधडत होतं, त्यामुळं मजबूत धडधडत होतं.

समितीनं गंभीरपणे विचार केला. एखादा माणूस चुकू शकतो. पण अख्खा विभाग एकदम कसा चुकेल? म्हणजे चूक प्रमाणाचीच असणार. चौकशीत उस्तादांच्या अंगात बाहेरचं रक्त सापडलं, त्यामुळं संशयाला जागाच उरली नाही. प्रमाणात भेसळ करणं ही साधी गोष्ट नव्हे. तरीही त्यांची इतक्या वर्षांची सेवा पाहून समितीनं दया दाखवली. त्यांना कामावरून काढलं नाही. रक्ताचा अतिरेक झाला असल्यानं त्यांना समायोजनाच्या खुर्चीवर बसवण्याचं ठरलं.

खुर्ची तेवढी रिकामी करावी लागणार होती. त्याचीही सोय झाली. तिच्यावर बसणाऱ्या कामगारानं इतक्या थोड्या काळात रक्तात जी सुधारणा दाखवली होती, तशी कारखान्याच्या इतिहासात कुणी दाखवली नव्हती. नवं प्रमाण म्हणून त्याची एकमतानं निवड झाली.

उस्ताद विभागात शिरले तेव्हा दारावरून त्यांचा फोटो उतरला होता. त्याच खिळ्यावर टोमॅटोचा लागला होता आणि टोमॅटो खाली उभा राहून वर बघत होता. पाटी तीच होती. तेवढीच काटकसर.

"चल घरी," उस्तादांनी त्याचा दंड धरला. "ताई वाट बघतेय. आपण दोघंही सोडतोय हे."

"भाऊजी, आजच तर लागलाय फोटो."

"लेका, मरणाचा फोटो आहे तो! मी सांगतोय ना तुला."

"तुमचा इतकी वर्षं होता तिथं." टोमॅटो रागानं बोलत नव्हता, खरोखरच नवल करत होता. "मी शाळेत असल्यापासून ऐकतोय तुमच्याच तोंडून. याच्यासारखे व्हा. झालो की!"

तो हसला. हसताना त्याच्या दातांच्या फटीत लाल रेघ दिसली. उस्तादांनी धरलेला दंड सोडला तेव्हा बोटं जिथं होती तिथं निळं उमटू लागलं होतं.

"हिरडीतून रक्त येतंय तुझ्या," उस्ताद कसेबसे म्हणाले.

"काही नाही, ब्रश लागला," टोमॅटो म्हणाला.

उस्ताद एकटेच घरी आले. दार उघडणाऱ्या बायकोला काय सांगायचं ते त्यांना जिना संपेपर्यंत सुचलं नाही. ती त्यांच्या मागं, रिकाम्या जिन्याकडे बघत राहिली.

कारखाना उत्तम चालला आहे. यंदाही सगळे कामगार निरोगी निघाले. बूट तर फारच सुरेख निघतात. सोल सुटत नाही, आणि डबा उघडला की तो वास अगदी दरवळतो. तुम्हाला ठाऊकच आहे तो. मागच्या खेपेला नवे बूट घेतलेत तेव्हा एक उचलून नाकाशी नेलात, डोळे मिटून घेतलेत आणि दुकानदाराला म्हणालात, "वा, नवा आहे!" आठवतं ना? काळजी नको. तुमचंही रक्त तपासलं तर ते बरोबरच निघेल. कुणाच्या मानानं, तेवढं मात्र विचारू नका.