चाळीस पोती सरकी आणि एक स्वामी

सरका पुढे, सतरंजी मोठी आहे. टाळ घटकाभर खाली ठेवा. बुवांना यायला अवकाश आहे, तोवर एका भल्या पोराची फजिती ऐका. ऐकून हसलात तरी पुण्य जाणार नाही.

निजामाच्या अमलातली गोष्ट. सोलापूरच्या सिद्धलिंगला त्याच्या मामांनी पहिल्यांदाच एकट्याला परभणीला धाडलं. काम एकच. आबासाहेब आडत्यांकडे जाऊन चाळीस पोती सरकी, म्हणजे गुरांना घालायचं कापसाचं बी, निवडायची, तीही त्याच दिवशी, कारण दिवस मावळला की माल दुसऱ्याला जाणार होता. "जमलं तर दुकानाच्या गादीवर बसशील," मामा म्हणाले, "नाही जमलं तर झाडू आहेच."

आईला काळजी वेगळीच. "मोगलाईचा मुलूख आहे रे. कुठेही जा, नेम मोडू नको." नेम असा, की गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायचा नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. थंडीसाठी तिने मठातून मिळालेली भगवी शाल त्याच्या खांद्यावर टाकली.

सकाळी परभणीच्या स्टेशनात तो उतरला. आबासाहेब घ्यायला येणार होते. कपाळावरचं भस्म पाहून ओळखतो, असं त्यांनी कळवलं होतं. कोणीच आलं नाही. सिद्धलिंग बाहेर आला. दुकानांवरच्या पाट्या उर्दूत, म्हणजे वाचायची सोय नाही. नेमामुळे विचारायची सोय नाही. दोन रात्रींच्या प्रवासानं घसा कोरडा पडला होता. तो चौकात नुसता उभा राहिला.

"शरणु स्वामी, शरणु शरणार्थी!" एक गृहस्थ धावत आला आणि रस्त्यातच त्याच्या पाया पडला. "मी धोंडप्पा. तुमची वाट बघून आमची माय बेजार झाली. चला."

सिद्धलिंगने जोरजोरात मान हलवली, छातीवर हात ठेवला, मग बाजाराकडे बोट दाखवलं.

"समजलं," धोंडप्पा म्हणाला. "पूजा व्हायचीय, मौन हाय. आंघोळीचा इंतजाम करून ठेवलाय." सगळं त्याला कळलं होतं, हा स्वामी नव्हे एवढं एक सोडून.

सिद्धलिंगने विचार केला, पूजा तर होईल. मग दोन शब्दांत खुलासा करू आणि बाजार गाठू. आंघोळ झाली, आणि पूजेला बसणार तोच धोंडप्पाची आई भागम्मा तांब्या-परात घेऊन आली. याने पाय मागे घेतले. तिने पुढे ओढले. याने पुन्हा मागे घेतले.

"पाय द्यायला बी लाजायलेत," भागम्मा सुनेला म्हणाली. "असा गरीब स्वभावाचा स्वामी मी आजवर बघितला न्हाई." तिने पाय धुतले आणि ते तीर्थ डोळे मिटून पिऊन टाकलं.

पूजा उरकताच त्याने तोंड उघडलं, तर धोंडप्पा शेजारी येऊन हळूच म्हणाला, "कालपासून मायच्या पोटात अन्न न्हाई. स्वामींच्या पायाचं तीर्थ घेतल्याबगर जेवणार न्हाई म्हणाली. आता कुठं घास घ्यायलीय." आत म्हातारी पहिला घास तोंडात घालत होती. सिद्धलिंगने तोंड मिटलं. तिचं जेवण होईपर्यंत थांबणं भाग होतं, आणि भागम्माला दात चारच होते.

तिने हात धुतला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि ओसरीवर स्वामींच्या कीर्तनाला सगळी आळी जमली होती. सिद्धलिंगने धोंडप्पाला कोपऱ्यात घेतलं.

"अहो, मी स्वामी नाही. मी सरकी घ्यायला आलोय."

धोंडप्पाचे डोळे भरून आले. "कापूस दुनियेला दिला अन् आपण सरकी घेतली. वा! कीर्तनात हाच दृष्टांत लावा."

"दृष्टांत नाही, पोती! चाळीस!"

"चाळीस तर चाळीस. लोकं बसलेत."

लोकांनी त्याला चौरंगाजवळ उभं केलं. बाजार आता तासाभरात उठणार होता. डोळ्यांसमोर मामांचा झाडू दिसत होता. पळावं, तर दारात कडूबाई शेजारीण पाच पोरं घेऊन बसलेली. शेवटी त्याला येत होतं तेच तो बोलू लागला. "सरकी मुठीत घ्यावी. दाताखाली फोडावी. आत हिरवटपणा दिसला तर माल कच्चा."

"कच्चाच असतो हो माणूस," कडूबाईने डोळे पुसले.

इतक्यात दारातून आबासाहेब आडते घाईघाईने आत आले. सोबत काळ्या कोटातले, भस्म लावलेले एक दमलेले गृहस्थ होते.

"धोंडप्पा, ह्ये तुमचे स्वामी," आबासाहेब खाली बघत म्हणाले. "स्टेशनात भस्म बघून मीच उचलून नेले. तवा ह्यांचं बी मौन होतं."

"पूजा झाल्यावर मी बोललो की," स्वामी म्हणाले. "सांगितलं, बाबा, मला काही नको."

"घेणारे समदे असंच म्हणत्यात," आबासाहेब म्हणाले. " मी दुसरं पोतं फोडलं. म्हणाले, हे सगळं इथंच सोडून जायचंय. म्हटलं, पारखी माणूस हाय, म्हणून घरच्या म्हशींसाठी ठेवलेला माल काढला. चाळीस पोती बाजूला ठेवली, नाव लिहायला नाव विचारलं, तवा उलगडा झाला."

सिद्धलिंग पुढे सरसावला. "म्हणजे सरकी निवडून झाली?"

"झाली. असली सरकी मी आजवर कुणाला दिली न्हाई."

ओसरीवर हशा उसळला, पण भागम्मा हसली नाही. "स्वामी, मग मी तीर्थ कुणाचं घेतलं?"

सिद्धलिंगने हात जोडले. "आजी, माझं. सांगणार होतो, पण तुम्ही जेवत होता."

भागम्माने स्वामींकडे पाहिलं.

"दाराशी तहानलेला आला, त्याला तुम्ही आत घेतलं," स्वामी म्हणाले. "आणि तुमचा घास अडू नये म्हणून तो स्वतःचं काम बुडवून बसला. माय, तीर्थ चांगलंच होतं. आता मला वाढा. आबासाहेबांनी दिवसभर नुसती सरकी चावायला लावली."

चार दिवसांनी माल सोलापूरला पोचला आणि मामा तो बघायला आले. प्रत्येक पोत्यात हात घालून पाहिला, एक सरकी दाताखाली फोडली. "गादीवर बस उद्यापासून," ते म्हणाले. "कुणी शिकवलं रे?"

"मी निवडलीच नाही, मामा. एका स्वामींनी निवडली."

"बघा, गर्व म्हणून नाही पोराला," मामा म्हणाले.

बुवा आले वाटतं. टाळ घ्या हातात. आणि परमुलखातलं कोणी तुमच्या दाराशी गप्प उभं दिसलं, तर नाव-गाव मागाहून विचारा, आधी पाणी ठेवा, आणि तेवढ्यापुरती आमच्या भागम्माची आठवण काढा.