किल्ली तुझ्याकडेच आहे!

पीएचडीच्या पोरांना मार्गदर्शन करावं तर ते अर्विन पेनरनंच, असं विनिपेगच्या आमच्या कीटकशास्त्र विभागात सगळे म्हणतात. सगळे म्हणजे मी. बाकीच्यांना मी बोलू देत नाही, ही गोष्ट वेगळी!

माझी पद्धत सुटसुटीत. पोरगं दारात उभं राहिलं की त्याचं वाक्य संपायच्या आत माझं उत्तर तयार.

"सर, माझ्या अळ्या..."

"पाणी बदल!"

"सर, माझं लग्न..."

"आधी तिसरं प्रकरण!"

झालं मार्गदर्शन! पण जानेवारीत एके सकाळी आमची विभागप्रमुख कोरिन बोद्री खोलीत शिरली. तोंड असं, जणू माझंच श्राद्ध जेवून आली होती.

"अर्विन, तुझ्या आणखी एका विद्यार्थ्यानं गाइड बदलून घेतला."

"आळशी होता तो."

"याआधीच्यालाही आळशीच म्हणाला होतास. तो इथून सुटला आणि वर्षाच्या आत प्रबंध देऊन मोकळा झाला!"

"पाया माझा होता ना!"

"बस्स. गाइड लोकांसाठी कार्यशाळा आहे, मार्गदर्शनाची कौशल्यं वाढवायची. तू जायचंस. नाही गेलास, तर सिग्रुननंतर तुला नवा विद्यार्थी मिळायचा नाही. आणि सिग्रुनचंही वाटोळं केलंस, तर माझ्याशी गाठ आहे!"

सिग्रुन थोरलाक्सन ही माझी उरलीसुरली एकुलती एक विद्यार्थिनी. गिमलीकडची, तळ्याकाठी वाढलेली. तिथल्या दलदलीतले डास आणून तिनं प्रयोगशाळेत त्यांचा वंश चालवला होता. रोगबीग काही नाही त्यांना, अगदी घरंदाज डास! वर्षानुवर्षं पोरगी त्यांना पोटच्या पोरांसारखी जपत होती. वसंतात शेवटचा प्रयोग झाला की प्रबंध पुरा. डास गेले, तर प्रबंधही गेला.

तर मी कार्यशाळेला गेलो. गेलो म्हणजे काय, पहिल्या रांगेत बसलो! जे शिकायचं ते असं शिकायचं, की शिकवणाऱ्याला घाम फुटला पाहिजे.

शिकवणारा लायल म्हणून होता. लोकरीचा ढगळ स्वेटर, तुळतुळीत टक्कल, आणि आवाज असा, की आजाऱ्याला पेज भरवतोय.

"उत्तरं देऊ नका," तो म्हणाला. "ऐका. त्यांचेच शब्द त्यांना परत द्या. मग गप्प बसा. उत्तराची किल्ली नेहमी विद्यार्थ्याच्याच हातात असते!"

"तुमची पीएचडी कशात?" मी विचारलं.

"अर्धवट सोडली. गाइडमुळे."

सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. का, ते मला अजून कळलेलं नाही. पण मी भारावलो. लायलही माझ्यावर इतका खूश, की म्हणाला, "मी कोरिनबाईंना घेऊन तुमच्या प्रयोगशाळेत येतो. तुमच्यातला बदल बघायलाच हवा!"

तो यायच्या दिवशीच सिग्रुन धावत माझ्या खोलीत आली.

"सर, घाई आहे! डासांचा पिंजरा..."

'दुसऱ्या पिंजऱ्यात टाक!' जिभेच्या टोकावर आलं होतं, ते मी गिळलं. मंद हसलो.

"बस, सिग्रुन. आधी सांग, तू कशी आहेस?"

ती दचकलीच. "मी बरी आहे. पण पिंजऱ्याची जाळी उसवतेय!"

"जाळी उसवतेय," मी तिचे शब्द तिला परत दिले. "आणि त्याबद्दल तुला काय वाटतं?"

"भीती वाटते! डास बाहेर येतील!"

"डास बाहेर येतील. हं." एवढं बोलून मी गप्प बसलो. फार सुंदर गप्प बसलो. मान थोडी तिरकी, नजर मायाळू, हात पोटावर.

"सर, तुम्हाला बरं नाही का?"

मी नुसती मान डोलावली.

"सर, नवा पिंजरा कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे. किल्ली तुमच्याकडे आहे!"

अहाहा! काय वाक्य बोलली पोरगी! याच क्षणासाठी तर मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मी उठलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि गदगदलेल्या आवाजात म्हणालो, "नाही सिग्रुन. किल्ली तुझ्याकडेच आहे!"

"माझ्याकडे?"

"तुझ्याकडेच. शोध, म्हणजे सापडेल!"

ती बिचारी पळाली. कोटाचे खिसे उलटे केले, दप्तर जमिनीवर ओतलं, जेवणाच्या डब्यातसुद्धा बघितलं म्हणे! आणि मी खोलीत कॉफी पीत स्वतःवर खूश होऊन बसलो. इतक्या वर्षांत एवढं चांगलं मार्गदर्शन मी केलं नव्हतं.

थोड्या वेळानं कोरिन आणि लायल आले. आम्ही तिघं प्रयोगशाळेत पाऊल टाकतो तोच लायलच्या टकलावर काहीतरी बसलं.

आता एक सांगतो. आम्ही विनिपेगचे लोक उणे तीसची थंडी एकाच सुखावर काढतो: या दिवसांत डास तरी नसतात! त्यामुळे कोरिनला आधी कळेचना. मग कळलं, आणि तिनं लायलच्या टकलावर फाडकन चापट मारली.

"मारू नका!" सिग्रुन टेबलाखालून ओरडली. "ते माझं चौथं प्रकरण आहे!"

सगळीकडे डास! दिव्यावर डास, भिंतीवर डास, कोरिनच्या चष्म्याच्या आत डास.

"मागचं दार उघडते!" कोरिन गरजली. "गारठ्यानं क्षणात मरतील!"

"आपण सगळे आधी एक दीर्घ श्वास घेऊ या," लायल म्हणाला आणि त्यानं तो घेतला. त्याबरोबर एक डासही घेतला. खोकून खोकून बेजार!

"सर, काहीतरी सांगा ना!" सिग्रुन म्हणाली.

"तुला काय वाट..."

"सर!!"

तिचे डोळे भरून आले होते. नेहमी माझ्या तोंडाला तोंड देणारी ही पोरगी हात जोडून उभी होती आणि कोरिनचा हात दाराच्या कडीवर होता. माझं नवं कौशल्य तिथल्या तिथे गळून पडलं.

"कोरिन, कडी सोड!" मी असा ओरडलो, की बाहेरच्या बर्फालाही तडा गेला असेल. "एकही दार उघडायचं नाही! लायल, बाहेर जाऊन खोक! नाही, बाहेर नको, दार उघडेल. इथेच खोक! सिग्रुन, दिवे मंद कर आणि डास ओढायची नळी आण! त्यांना रक्त हवंय ना? मी देतो!"

मी खुर्चीत बसलो आणि विजारीचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत वर ओढला. खिशातून काहीतरी खण्णकन पडलं.

कपाटाची किल्ली!

सगळे तिच्याकडे बघत राहिले. लायलचा खोकलासुद्धा थांबला. सिग्रुननं किल्ली उचलली, माझ्याकडे एक नजर टाकली आणि न बोलता नवा पिंजरा काढला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

मग माझा पाय आणि तिची नळी. डास येई, बसे, सोंड रोवे. ती अलगद ओढून पिंजऱ्यात सोडी. मी दात आवळून बसलेला. चावतात त्या माद्या, अंडी घालतात त्याही माद्याच. तेव्हा वंश वाचवायचा तर माझ्या पायाला पर्याय नव्हता. लायलनं हळूच आपली बाही वर केली होती, पण एकही मादी त्याच्याकडे फिरकली नाही. त्याही त्याचं ऐकत नव्हत्या!

संध्याकाळपर्यंत वंश पुन्हा चालेल इतक्या माद्या पिंजऱ्यात जमल्या. लायल केव्हाच निघून गेला होता. कोरिन जाताना म्हणाली, "अर्विन, तुझ्यात बदल झालाय खरा. डाव्या पायापेक्षा उजवा दुप्पट झालाय."

मी पाय खाजवत सिग्रुनला विचारलं, "खरं सांग, तुला माझ्याकडून काही मदत झाली का?"

तिनं मनापासून विचार केला.

"झाली ना, सर. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदाच झाली!"

मला गहिवरून आलं. माझे डोळे पाणावलेले पाहून तीही जरा नरमली. म्हणाली, "सर, कोपऱ्यातल्या माद्या अजून राहिल्यात. उद्या जमलं तर डावा पाय घेऊन या. तुम्ही काही नाही बोललात तरी चालेल!"