भाजीच्या केळीची पाटी

"माझी पाटी चुकत नाही," असं पेंटर दिवसातून एकदा तरी म्हणायचा आणि बायको दिवसातून एकदा तरी "हो" म्हणायची. संसार सुरळीत चालला होता. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात घालवलेल्या या माणसाने घरातही मिठाच्या डब्यापासून जिन्यापर्यंत सगळ्याला पाट्या लावल्या होत्या. जिना ओळखायला पाटी लागत नाही, पण हे त्याला सांगणार कोण?

परसातल्या दोन केळींपुढेही पाट्या होत्या. एक 'वेलची केळी', दुसरी 'भाजीची केळी'.

यंदा दोन्हींना पहिलेच घड लागले आणि नेमके लेकीचे सासरे पहिल्यांदाच घरी यायचे ठरले. व्याही फळांचे व्यापारी. लग्नाच्या बोलणीत पेंटरने छाती फुगवून सांगितलं होतं, "आमच्या वेलचीसारखं केळं तुमच्या अख्ख्या दुकानात नसेल." आता लेकीच्या सासरी आपलं हसं होऊ नये, एवढीच त्याला काळजी होती.

वेलचीचा घड उतरवायला गेला, तर खालची एक फणी गायब.

"पाखरं सुरीने कापून नेत नाहीत," बायको म्हणाली.

पेंटरने भिंतीपलीकडे पाहिलं. शेजारचे निवृत्त हेडमास्तर एरवी भिंतीवर कोपर टेकून तास तास बोलायचे. आज गालाला हात लावून, नुसती मान हलवून आत गेले.

"पण अहो, वेलची एवढी मोठी असते का?"

"खताची कमाल आहे ती."

घड पोत्यात गुंडाळला, पिकेना. तांदळाच्या पिंपात ठेवला, तरी पिकेना. शेवटी पेंटरने बायकोची लोकरी शाल काढली.

"माझ्या बाळंतपणात एवढी ऊब नव्हती दिलीत मला," ती म्हणाली.

"तू तुझ्या भाजीचं बघ. हल्ली केळ्याची भाजी गोड का लागते?"

"माझ्या हाताला गोडी आहे म्हणून."

व्याही आले तोवर केळी कशीबशी पिवळट झाली होती. त्यांचा आकार पाहून व्याह्यांची भुवई वर गेली, पण पहिल्याच भेटीत वाद कोण घालणार? त्यांनी एक घास घेतला. मग बराच वेळ तोच घास खात राहिले.

"कसं आहे?" पेंटरने विचारलं.

"मघाशी परसात पाहिली, ती पाटी तुम्ही रंगवलीत?"

"हो."

"अक्षर सुरेख आहे."

पेंटरने स्वतः एक केळं खाल्लं. जीभ टाळूला चिकटली आणि तोंडावरचा रंग उतरला. "हे भाजीचं आहे," तो कसाबसा म्हणाला.

बायको कपाळाला हात लावून हसायला लागली. "पाट्या रोवल्या तेव्हा रंग ओला होता ना? धूळ बसू नये म्हणून तुम्हीच त्या भिंतीकडे तोंड करून रोवल्यात आणि पाठमोऱ्या पाट्या बघून अंदाजाने रोपं लावलीत. म्हणजे इतके दिवस मी वेलचीची भाजी करतेय."

ती परसात गेली. भाजीच्या म्हणून ठेवलेल्या घडाच्या वरच्या फण्या झाडावरच पिकल्या होत्या. त्यातली एक तिने आणून पुढ्यात ठेवली. व्याह्यांनी एक केळं खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसरं सोलता सोलता म्हणाले, "खरंच सांगतो, असं केळं माझ्या दुकानात नाही. आता दुकानाची पाटीही तुम्हीच रंगवा. फक्त ती वाळेपर्यंत मी शेजारी बसून राहीन."

सगळे पोट धरून हसले आणि पेंटरचा जीव भांड्यात पडला.

व्याही गेल्यावर तो पाट्या बदलायला परसात गेला. एक पाटी अर्धी उपटली होती, तेवढ्यात भिंतीवर हेडमास्तरांचं डोकं दिसलं. त्यांनी 'वेलची केळी' वाचलं आणि पुन्हा गाल धरला. मग पिवळ्याधमक फणीपुढचं 'भाजीची केळी' वाचलं, तोंड वाकडं केलं आणि निघून गेले.

पेंटरने पाटी होती तिथेच परत रोवली आणि भोवतालची माती पायाने घट्ट दाबली.

"चुकलेली पाटी तशीच ठेवणार?" बायकोने दारातून विचारलं.

"माझी पाटी चुकत नाही," पेंटर म्हणाला.

"हो," बायको म्हणाली. या वेळी तिला ते मनापासून पटलं होतं.