सिलोने मारलेल्या गाठी

मंडळी, छातीवर हात ठेवून सांगतो, पंचवीस वर्षं रोमन पलटणीत घासलेला माणूस आपलं चिलखत डोळे मिटून अंगावर चढवू शकतो! शेजाऱ्याने पेलाभर पाणी प्यावं, तेवढ्या वेळात! हे वाक्य मी आमच्या तामुगादी गावाच्या भर चौकात, ऑलिव्हच्या टोपलीवर उभा राहून म्हणालो. टोपली तिथेच मोडली. शहाण्या माणसाने त्यावरूनच काय ते ओळखलं असतं, पण शहाणी माणसं पलटणीत भरती होत नाहीत.

त्याचं असं झालं. ऑक्टोबरात मोहिमांचा हंगाम संपला की आमच्यात शस्त्रं धुऊन पुजायचा सण असतो. आम्ही निवृत्त मंडळी दरवर्षी चौकात जमतो, सरावाच्या लाकडी तलवारी पाण्यात बुडवतो, अंजिरं खातो आणि पराक्रमाच्या त्याच त्या थापा मारतो. यंदा मात्र सणाच्या आठ दिवस आधी आमचे जुने नाईक तुर्पिलिउस यांनी सगळ्यांना जमवून काठी आपटली.

“यंदा नुसती पूजा नाही! सगळ्यांनी पूर्ण पोशाखात यायचं. रांग लावायची, ढालीला ढाल भिडवायची. गावाला कळू दे, लढाई म्हणजे काय ते!”

“नाईक, माझे गुडघे...” कुणीतरी कण्हलं.

“गुडघे घरी ठेवून ये! आणि ऐका, दियानाच्या वस्तीवरच्या आपल्या लोकांनाही बोलावणं धाडलंय.”

माझ्या हातातलं अंजीर हातातच राहिलं. दियानाच्या वस्तीवर सिलो राहतो.

सिलो कोण, ते सांगायला हवं. लोकांना वाटतं, रांगेतला शिपाई मोठा शूर. कसला शूर! डाव्या हातात गुडघ्यापासून हनुवटीपर्यंत ढाल. ती समोरच्याच्या छातीवर आदळायची, तो अडखळला की ढालीच्या कडेने आखूड तलवार खालून पोटात. तलवार फिरवायची नाही, भोसकायची. दोन बोटं आत गेली की काम झालं. पण भोसकायला उजवा हात पुढे गेला की उजवी कूस उघडी पडते. तिथे आपली ढाल पोचत नाही, तिथे उजवीकडच्या माणसाची ढाल असते. म्हणजे शिपायाचा जीव त्याच्या स्वतःच्या हातात नसतोच, शेजाऱ्याच्या हातात असतो. माझ्या उजवीकडे बावीस वर्षं सिलो होता. रात्रभर घोरायचा, माझ्या वाटणीची भाकरी खायचा, जात्यावर दळायची पाळी आली की नेमका त्याचा खांदा दुखायचा. पण त्याची ढाल कधी बोटभर हलली नाही.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही पलटणीतून सुटलो. त्याला जमीन मिळाली दियानाला, मला इथे. मध्ये दोन दिवसांची पायवाट. पण कधी ऑलिव्हची तोडणी, कधी बकरी व्यायलेली, कधी गुडघा धरलेला. जाऊ जाऊ म्हणता नऊ वर्षं गेली आणि या नऊ वर्षांत माझ्या उजव्या कुशीला सारखा वारा लागतोय. उन्हाळ्यातसुद्धा!

आता गाठींचं ऐका. आमचं पट्ट्यांचं चिलखत बंडीसारखं असतं. पाठीवरच्या वाद्यांच्या गाठी एकदा मारायच्या आणि तशाच ठेवायच्या. मग रोज समोरून हात घालायचे आणि छातीवर बांधायचं. सुटलो त्या दिवशी सिलोने माझ्या पाठीवरच्या चार गाठी नव्याने आवळल्या, मी त्याच्या आवळल्या. तो म्हणाला, “सोडू नकोस हं लेका. पुन्हा रांगेत उभे राहू, तेव्हा मीच सोडीन.” मग नाक ओढलं आणि म्हणाला, धूळ फार आहे. त्या दिवशी पाऊस पडत होता.

तर सणाच्या सकाळी मी खुंटीवरचं चिलखत काढलं, हात घातले आणि समोरची दोन टोकं जवळ आणली. मध्ये चार बोटं अंतर!

“आटलंय,” मी म्हणालो.

“लोखंड आटतं?” माझी बायको रोगाता कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही.

“दमट हवेने आटतं.”

“सात महिने इथे पावसाचा टिपूस नाही. सरळ सांग ना, पोट सुटलंय! इकडे ये, मागच्या गाठी जरा सैल करते.”

“गाठींना हात लावशील तर बघ! सिलोने मारल्यात त्या.”

“दरवर्षी त्यांना तेल कोण लावतं? सिलो?”

“तेल लाव. सोडू नकोस.”

तिने कणकेचा गोळा बाजूला ठेवला. मग हात पुसून उठली, माझ्या पोटाला ऑलिव्हचं तेल चोपडलं, छातीवर गुडघा रोवला आणि वाद्या ओढल्या. शेजाऱ्याने पेलाच काय, अख्खी विहीर पिऊन संपवली असती, एवढा वेळ गेला. पण शेवटी टोकाला टोक भिडलं!

“श्वास घेता येतोय?”

“घेतला.”

“मग सोड की.”

“सोडला तर... सुटेल!”

चौकात पोचेपर्यंत ऊन तापलं होतं आणि लोखंडही. तेल आतल्या आत कढत होतं. मला वाकता येत नव्हतं, बसता येत नव्हतं आणि एका दमात दोनापेक्षा जास्त शब्द बोलता येत नव्हते. सगळ्यांनी वाहवा केली. “काय ताठ उभा आहे बघा! याला म्हणतात शिपाई!” मी डोळ्यांनीच नमस्कार करत होतो आणि डोळ्यांनीच दियानाची वाट बघत होतो. तिकडून अजून कुणी आलं नव्हतं.

“रांग लावा!” नाईक गरजले. मी उजवीकडे एका माणसाची जागा मोकळी सोडून उभा राहिलो.

“तेत्तिउस, सरक! मध्ये भोक पडलंय!”

“सिलो... येतोय,” मी म्हणालो.

“ढाली उचला!”

ढाल जमिनीवर होती. मी वाकायचा प्रयत्न केला, तशी डोळ्यांपुढे काजवे चमकले. हिमिल्को लोहार पुढेच उभा होता. त्याने माझं तोंड पाहिलं आणि बोंब ठोकली, “अरे, हा निळा पडला! गुदमरतोय! थांब तेत्तिउस, मागून वाद्या कापतो!” आणि सुरी काढून तो माझ्या पाठीशी आला.

माझ्या गाठी! अंगात कुठून बळ आलं देव जाणे. मी पायाने ढाल उडवून हातात घेतली, गर्रकन वळलो आणि ती त्याच्या छातीवर आदळली. हिमिल्को अंजिरांच्या परातीत बसला.

“नाही... सोडणार!” मी ओरडलो. “सिलो... येऊ दे!”

मला म्हणायचं होतं, गाठी सोडू देणार नाही. नाईकांनी वेगळंच ऐकलं. “वेड लागलं त्याला! जुनी लढाई दिसतेय डोळ्यांपुढे! सहा जण पुढे व्हा, ढालीने दाबा, धरा!”

झालं! सहा म्हातारे, सहा ढाली, मिळून बारा दुखरे गुडघे, पाऊल पाऊल माझ्यावर चालून आले. मी मागे सरकत पाठ देवळाच्या खांबाला टेकवली. आता गाठी सुरक्षित! पहिल्याला ढालीने ढकललं, दुसऱ्याच्या पोटाला पूजेची लाकडी तलवार टोचली. तो म्हणाला, “तेत्तिउस, हर्निया आहे रे मला!” मी म्हणालो, “माफ... कर!” आणि पुन्हा टोचली. पण हात पुढे गेला की उजवी कूस उघडी पडत होती आणि सहाही जणांना ते पक्कं ठाऊक होतं. ते उजवीकडून वळले. संपलं, म्हटलं.

तेवढ्यात उजव्या बाजूला काहीतरी येऊन खटकन भिडलं. बरोब्बर तिथेच! ना बोटभर पुढे, ना बोटभर मागे. शिरस्त्राणाच्या गालपट्टीमुळे बाजूचं दिसत नव्हतं. दिसायची गरजही नव्हती. नऊ वर्षांनी माझ्या कुशीला लागणारा वारा थांबला.

“आलास?” मी म्हणालो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. “किती... वाट बघितली... लेका!”

ढाल बोटभर हलली नाही. आम्ही दोघं एक पाऊल पुढे सरकलो, सहा जण एक पाऊल मागे. दुसरं पाऊल. तिसऱ्याला मला इतका आनंद झाला, की मी विसरलो आणि पोटभर श्वास घेतला.

फाट! छातीवरच्या वाद्या एकदम तुटल्या. एक पितळी कडी उडून नाईकांच्या कपाळाला लागली. मी मोकळा झालो, हसत उजवीकडे वळलो.

रोगाता उभी होती. हातात लाकडी काठवट, तिला अजून कणीक चिकटलेली.

“तुला... तुला कसं कळलं, कुठे उभं राहायचं ते?”

“नऊ वर्षं झोपेतसुद्धा मला ढकलून ढकलून उजवीकडे घेतोस. दगडालाही कळलं असतं!”

मी काही बोलायच्या आत दियानाकडून एक खेचरवाला आला. एकटाच.

“तेत्तिउस कोण? सिलोचा निरोप आहे. पाय मुरगळलाय, येता येत नाही.”

“कुठला पाय?” रोगाताने विचारलं.

“डावा. म्हणजे... उजवा.” त्याने मान खाजवली. “खरं सांगू, बाई? पाय धडधाकट आहे. चार दिवस चिलखतात शिरायला बघत होता. सहा बोटं कमी पडतात. बायको म्हणाली, मागून सैल करू, तर अंगावर धावून गेला. म्हणे, त्या गाठी तेत्तिउसने मारल्यात. आणि असा उघड्या पोटाने मी त्याच्यासमोर जाणार नाही, म्हणे.”

चौक खो खो हसला. परातीतला हिमिल्कोसुद्धा हसला. मला मात्र रडू आलं, आणि सिलोसारखं धुळीवर ढकलायलाही सुचलं नाही.

“शाब्बास!” रोगाता म्हणाली. “दोघांनी गाठी जपल्या आणि भेटायचं राहिलं. खेचरवाले दादा, उद्या परत निघताना हाक मारा. आम्ही येतोय.”

तिसऱ्या दिवशी पोचलो. सिलो दारातच होता. आम्ही आधी एकमेकांच्या पोटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. दोघांनी पुढून उघडी चिलखतं अंगात घातली आणि त्याच्या अंगणात शेजारी शेजारी उभे राहिलो, तो उजवीकडे. समोर शत्रू म्हणून एक कोंबडी होती. पुष्कळ वेळ तसेच उभे होतो. ती कंटाळून निघून गेली.

मग तो म्हणाला, “वळ. गाठी सोडतो.”

त्याने नखं लावली, दात लावले. मी त्याच्या गाठींना लावले. म्हाताऱ्या बोटांना एकही गाठ बधेना! शेवटी रोगाता आणि सिलोची बायको कांदा चिरायची सुरी घेऊन आल्या आणि आठही गाठी कचाकच कापल्या.

तर मंडळी, माझं सांगणं अजून तेच आहे. चिलखत अंगावर चढवायला पेलाभर पाण्याइतका वेळ पुरतो. उतरवायला मात्र कांद्याची सुरी, दोन बायका आणि दोन दिवसांची पायवाट लागते. ती पायवाट नऊ वर्षं तिथेच होती.