कौसाताईंची थंडी

कौसाताई हजेरी नाकावर घेतात. लेकरू दारात आलं की बोटाची मागची बाजू त्याच्या नाकाच्या शेंड्याला लावायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "गार." "लै गार." "बराबर." दिवाळी झाली की हे सुरू होतं, ते संक्रांत उलटून ऊन तापेपर्यंत. एकदा तालुक्याहून एक साहेब पाहणीला आले होते. ते चुकून पोरांच्या रांगेत उभे राहिले, तर ताईंनी त्यांचंही नाक तपासलं. "कोमट," त्या म्हणाल्या. "जीपच्या काचा लावून आले वाटतं."

आमची शाळा आणि ताईंची अंगणवाडी राजूरपासून थोड्या आतल्या गावात, एकाच आवारात आहेत. मधे एक कडुनिंब. मी शाळेत मास्तर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला माणूस. आजोबा-पणजोबा मेंढरांमागे हिंडले, मी बी.एस्सी. झालो. हे मी कुणापासून लपवत नाही. ताई दहावी शिकलेल्या. तेव्हा या आवारात विज्ञान हा विषय माझा, असं मी धरून चाललो होतो. ताईंनी तो माझ्याकडून हप्त्याहप्त्याने काढून घेतला.

पहिला हप्ता खोबरेल तेलाचा. एका सकाळी अंगणवाडीची पोरं पायरीवर घोळका करून बसली होती. एकाच्या हातात तेलाची बाटली, उलटी धरलेली. तेल पडत नव्हतं.

"ताई, तेल कामून पडंना?"

"मला काय इचारता? त्यालाच इचारा."

हे ताईंचं पालुपद. आणि पोरं खरोखर बाटलीला विचारायला लागली. एकीने ती काखेत धरली, एकाने उन्हात ठेवली, एक जण बुडावर फुंकर घालत बसला. शेजारी ताईंनी मुद्दाम करडीच्या तेलाची बाटली ठेवली होती, ती वाकडी केली की धार लागे. "मंग ह्ये कामून न्हाई गोठलं?" हा प्रश्न पोरांनी मला विचारला. मी लगेच खडू काढला आणि द्रवणांक सांगायला लागलो.

"सर," ताई म्हणाल्या, "तुम्ही उत्तर लै जल्दी देता. लेकरांचा प्रश्न अजून गरम हाये. निवू द्या की जरा."

मी खडू खिशात घातला. पोरं त्या दोन बाटल्यांशी चार दिवस बोलत होती.

नाकाचं कोडंही मला असंच उशिरा सुटलं. ज्यांच्या वाट्याला "लै गार" येई, ती पोरं भिंतीच्या उन्हाच्या बाजूला बसत, आणि हप्त्याभरात त्यांच्या अंगात कुणाचा तरी जुना स्वेटर दिसे. स्वेटर घरोघर फिरून मागितलेले असत. कुठून आणले म्हणून विचारलं तर ताई म्हणत, "आले चालत."

गेल्या हिवाळ्यात वरून मोबाईलवर एक उपक्रम आला. सोबत फोटो : बर्फाचा माणूस, डोक्यावर टोपी, गाजराचं नाक. तो कापसाचा करून फोटो पाठवायचा होता. ताईंनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"सर, ह्यो कोण?"

"बर्फाचा माणूस."

"भोकरदन तालुक्यात आला तर किती टिकंल?"

तरी त्यांनी कापूस आणला. आमच्याकडे कापूस म्हणजे सरकीसकट. पोरांचे आईबाप दिवसभर तोच वेचतात, त्यामुळे पोरं आधी सरकी काढायला बसली आणि सरकी काढताना एकेकाचा हात ढिगात गेला तो बाहेर येईना. "ताई, कापूस आतून गरम हाये!" झालं. माणूस राहिला बाजूला. कोमट पाण्याच्या दोन बाटल्या आल्या, एक कापसात पुरली, एक उघडी ठेवली आणि पोरं दर पाच मिनिटांनी दोन्हींना गाल लावून बघायला लागली. संध्याकाळी फोटो पाठवायची वेळ झाली तेव्हा उरलेल्या कापसाची कुणीतरी मेंढी केली होती आणि गाजर कुणीतरी खाल्लं होतं. ताईंनी मेंढीचाच फोटो पाठवला. वरून उत्तर आलं, "छान."

वाचनाचंही तसंच. थंडीवरचं गोष्टीचं पुस्तक नव्हतं, म्हणून ताईंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचं शिवलं. एका पानावर चिकटवलेली बोराची बी आणि शब्द 'बोर'. एकावर लोकर. एकावर हरभऱ्याचा डहाळा. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब, म्हणजे आंबट दव असतं, हे पोरांना ठाऊक. त्यांनी ते पान चाटून चाटून पांढरं केलं.

"ताई, तुमचं पुस्तक खाऊन राह्यले लेकरं," मी म्हणालो.

"वाचूनच राह्यले की."

हे सगळं मी कौतुकाने बघत होतो. फक्त एका गोष्टीवर आमचं जमेना. ताईंना गावात बर्फ पाडायचा होता.

आता पाडायचा म्हणजे आभाळातून नव्हे. हिवाळ्यात चांगली थंडी पडली की ताई सांजेला आवाराच्या मोकळ्या कोपऱ्यात गव्हाच्या काडाचा जाड थर पसरत आणि त्यावर मातीचे परळ, म्हणजे त्या पसरट ताटल्या, मांडत. प्रत्येकात बोटभर पाणी. सकाळी येऊन बघत. पाणी ते पाणीच. सात हिवाळे हे चाललं होतं. ही युक्ती त्यांना माझ्याच चुलत्याने सांगितली होती. मेंढरं घेऊन रानात मुक्काम असताना काडावर ठेवलेल्या ताटलीत त्याने पहाटे पाण्याची काच झालेली पाहिली होती म्हणे.

"ताई, पाणी शून्य अंशाला गोठतं," मी दरवर्षी सांगे. "आपल्याकडं पारा सहाच्या खाली जात न्हाई."

"पाण्याला ठावं हाये का तुमचं शून्य?"

"माझा चुलता शाळेत गेला न्हाई, ताई."

"म्हून तर रानात व्हता. तुम्ही पहाटे कुठं असता?"

मी पहाटे अंथरुणात असतो.

यंदाचा हिवाळा ताईंचा शेवटचा. वय भरलं, उन्हाळ्यात त्या घरी बसणार. म्हणून यंदा त्यांनी पोरांना तोंड भरून सांगून ठेवलं होतं, "मी जायच्या आधी तुमाला बर्फ दाखवीन." पोरं रोज विचारत. डिसेंबर सरला. जानेवारीत चार दिवस ढग आले, तेही गेले. ताई रोज परळ मांडत आणि रोज पाणी तुळशीला घालत. कुणी हसलं की त्याही हसत, पण पोरांनी विचारलं की त्यांचा चेहरा उतरायचा.

मला ते बघवेना. एका संध्याकाळी मी राजूरला गेलो, रसवंतीवाल्याकडून बर्फाचे तुकडे थर्मासात भरून घेतले. पहाटे जाऊन परळात टाकायचे, ताई येतील तोवर कडा झिजून सगळं खरं वाटेल, असा माझा हिशेब. विज्ञानाच्या पदवीधराने करायचं काम नव्हे. पण ठरवलं.

उजाडायच्या आत गेलो तर ताई आधीच काडाशेजारी उकिडव्या बसलेल्या. वारा बिलकुल नव्हता, आभाळ धुतल्यासारखं. थर्मास मी पाठीमागे धरला.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "पाय वाजवू नका."

मी वाकून पाहिलं. कडेच्या दोन परळांवर पापुद्रा धरला होता. पापडाहून पातळ, पण बर्फ. मी तो बोटाने दाबला. तो कडकला.

पुढे आठवडाभर मी पुस्तकं धुंडाळली. काडामुळे जमिनीची ऊब वर येत नाही, आणि निरभ्र रात्री पाणी आपली ऊब उघड्या आभाळाला देऊन टाकतं; त्यामुळे हवा शून्याला न पोचताही पाणी पोचू शकतं. चुलता बरोबर होता. पण त्या वेळी मला एवढंच सुचलं की, ऊन आलं की हे जाणार आणि अंगणवाडी भरते दहाला.

"लेकरं बोलवा, सर. जल्दी."

मी थर्मास कडुनिंबाच्या बुंध्याशी रिकामा केला आणि पळालो. मास्तर पहाटे दारं वाजवत पळतोय म्हटल्यावर लोक घाबरलेच. पोरं गोधड्यांसकट आली. ताईंनी एक अख्खा परळ त्यांच्यापुढे सरकवला. "काच!" "चटका बसला!" एकाने जीभ लावली, मग सगळ्यांनी लावली.

दुसऱ्या परळातला पापुद्रा मात्र ताईंच्या तळहातावर होता. तो पाणी होऊन मनगटावरून ओघळत होता. बोटं लाल झाली होती.

"टाका ना ताई, बधिर होईल हात."

"न्हाई. बघू द्या."

ताईंचा मुलगा ट्रकवर असतो. मोसंबी घेऊन दिल्लीला गेला, तिथून कुणाबरोबर डोंगरात, आणि तिकडचाच होऊन सफरचंदाची गाडी चालवायला लागला. सात वर्षं झाली. गावात सगळ्यांना हे माहीत होतं. वर्षांची गणती मात्र मी त्या पहाटे पहिल्यांदा केली.

"फोनवर म्हणतो, आई, इथं पाणी गोठतं," ताई म्हणाल्या. "मी आपलं हाव म्हणायची. कसं कळणार मला? लै झोंबतं हो, सर."

त्यांनी कोरड्या हाताने कमरेचा मोबाईल काढला. बराच वेळ रिंग वाजली.

"आई? काय झालं? एवढ्या सकाळी?"

"काय न्हाई रं. हातमोजे हायेत का तुझ्यापाशी?"

"हायेत."

"खरं सांग."

इकडे पोरं परळाभोवती नाचत होती. मग तिकडून आवाज आला, "फाटलेत."

"हाताचं आताचं माप सांग, विणून धाडते," ताई म्हणाल्या. "गेल्तास तव्हाचं हाये माझ्याकडं."